दत्तूभाऊचा मुचलका

दत्तूभाऊला सरळ उत्तर देता येत नाही. वेळ काय झाली विचारा, तर म्हणेल, "काहून? तुही गाडी चुकून राहिली काय?" बायको वारली तेव्हा समाचाराला आलेल्या एकानं विचारलं, "कसं झालं हो?" तर म्हणाला, "काहून? तुले करून पाहाचं हाय काय?" असा हा माणूस, आणि मूर्तिजापुरात त्याचा मळा नेमका माझ्या मळ्याला लागून. तीस वर्षं मी हे सोसतो आहे.

वांगी पिकवावीत तर त्यानंच, हे मी मान्य करतो. पण बाजारात गेला की भांडण ठरलेलं. एकदा एक दलाल म्हणाला, वांगी किडकी आहेत. ह्यानं अख्खी टोपली त्याच्या डोक्यावर उपडी केली आणि मग रिकामी टोपलीही हाणली. दलालाची भुवई फुटली, खटला झाला. पिकले केस आणि पहिलाच गुन्हा बघून मॅजिस्ट्रेटनं तुरुंगात न धाडता मुचलका लिहून घेतला. वर्षभर नीट वागायचं, कुठलाही गुन्हा करायचा नाही. मुचलका मोडला तर सहा महिने सक्तमजुरी.

"वर्षभर नीट वागाल ना?" मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

"काहून? तुमी नीट वागत नाई काय?"

मी मागून त्याचा सदरा ओढला. कारण जामीन कोण राहिलं होतं? मी. दुसरं गाढव मिळालं नव्हतं.

दिवाळी झाली आणि शेंदूरजनाघाटच्या पोलिसांकडून वर्दी आली. हे महाशय तिथं परक्याच्या संत्र्याच्या बागेत शिरले म्हणून राखणदारानं धरले होते. झालं, पुन्हा कचेरी.

"बागेत कशाला शिरलात?"

"काहून? बाग पळून गेली काय?"

यापुढं एक अक्षर नाही. मॅजिस्ट्रेटनं ठरवलं की हा चोरी करायलाच गेला आणि मुचलका मोडला; सहा महिने ठोठावले. ज्याचे संत्र्यानं दात आंबतात, तो म्हणे संत्री चोरतो. मी कचेरीतच बडबडायला लागलो तेव्हा शिपायानं मला बाहेर काढलं.

मी लावलेल्या वकिलानं अकोल्याच्या सेशन कोर्टात अपील टाकलं आणि निकाल लागेपर्यंत त्याला जामिनावर सोडवून आणलं. "अपिलात कारण सांगावं लागेल," वकील कळवळून सांगत होता. "तुम्ही तिकडं गेलात कशाला?"

"मी जेलात जातो न. तुह्या बापाचं काय जाते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची लेक सुमी शेंदूरजनाघाटलाच दिलेली. त्या रागातच मी तिचं घर गाठलं.

सुमी ओसरीवर बसली होती, पार वाळलेली. "माह्यं बाळ गेलं न काका," ती म्हणाली. "म्हून बाबा आले होते. माय नाई न मले. त्यायनंच डिंकाचे लाडू करून आनले. असे कडक, का उखळात फोडा लागले." हसली आणि हसता हसता रडायला लागली. "म्या पानी देल्लं, थे नाई पेले. बाजूच्या बागेतल्या विहिरीवर गेले."

आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. मूल झालं, पण राहिलं नाही. मग पाणीही राहिलं. वरूडला गाडीतून उतरून तिथून पायी आलेला, घसा कोरडा पडलेला हा म्हातारा शेजारच्या विहिरीवर गेला आणि चोर ठरला.

परत येऊन मी त्याला असा झाडला की मळ्यातली गुरं उठून उभी राहिली. "लेकीकडं गेलतो, एवढं सांगता येत नव्हतं? जीभ झडली होती काय?"

तो कधी नव्हे तो खाली बघत राहिला. "सांगतलं असतं तं पोलीस तिच्या दारात गेले असते. बाळ गेल्यापासून सासू तशीबी तिले टोचून राहिली. लेकीचं नाव कचेरीत घेऊ काय मी?"

त्यानं नाही घेतलं, मी घेतलं. वकिलाला सगळं सांगितलं. अकोल्याच्या जज्जानं व्याह्याला साक्षीला बोलावलं.

"घरी आलेल्या पाहुण्याला तुम्ही पाणी दिलं नाही?" जज्जानं विचारलं.

"देल्लं न साहेब. पन थे पेतच नाईत. लेकीचा बाप हाय."

जज्ज इकडचाच होता. त्यानं पुढं काही विचारलं नाही. मुचलका मोडल्याचा ठपका रद्द झाला. पाणी प्यायला गेलेल्या माणसाला चोर ठरवायला ह्यांना घटकाभर लागत नाही. सोडवताना मात्र आमच्या वहाणा झिजतात.

मला वाटलं, आता तरी हा माणूस हसेल. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. तरातरा कोर्टाच्या पायऱ्या उतरला आणि व्याह्यासमोर जाऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांदेखत त्याच्या पायावर ठेवली.

"पाहुने," तो म्हणाला, "पोरीचं नाव कचेरीत निघालं, ते माह्यामुळं. घरी तिले कोनी बोलू नोका. जे बोलाचं असन ते मले बोला. मी आयकून घेईन."