मधोमध झेड

"अहो, पिझ्झा गेला!" इला मोबाइल घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कुठं गेला?" नीलेशने लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

"दुसरीच्या आयांच्या ग्रुपवर! प्रत्येक मुलासाठी पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द, मधोमध झेड. एकीनं लिहिला की दुसरीनं घ्यायचा नाही. मी पोळ्या लाटते तोवर पिझ्झा गेला, डझन गेला, रेझरही गेला."

शाळेतला इंग्रजी सप्ताह लेकीचा, रक्षाचा होता, दमली होती इला. रक्षा सोफ्यावर उलटी लटकून गाणं म्हणत होती.

"एवढी घाबरून काऊन राह्यली? थांब." नीलेशने नेटवरून इंग्रजी शब्दांची भलीमोठी यादी उतरवली आणि शोधाच्या चौकटीत दोन टिंबं, झेड, पुन्हा दोन टिंबं ठोकली. "टिंब म्हणजे कोणतंई अक्षर. घे आता, वेच."

पडद्यावर शब्दांचा ढीग सांडला. कुठल्याही आईला सात जन्मांत सुचणार नाही असा शब्द इलाने उचलला: ऊझोस. ग्रुपवर टाकला. कुणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी रक्षाची ऑटो नालवाडीच्या वळणावरून दिसेनाशी झाली, तोच वर्गाच्या बाईंचा मेसेज आला. प्रार्थनेनंतर मुलं आपापला शब्द माइकवर सांगतील. पाहुणे, व्यसनमुक्ती समितीचे अण्णाजी, अर्थ विचारतील.

अर्थ! इलाने मोबाइलवर पाहिला. ऊझो म्हणजे ग्रीस देशातली दारू. अनेक असल्या की ऊझोस.

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, आणि आपली सात वर्षांची पोर माइकवर दारूचं नाव घेणार! उद्यापासून तिला शाळेत काय काय चिडवतील? कुकर तसाच बंद करून, नीलेशच्या चपला पायात अडकवून इला पळाली.

फाटकात पोचली तेव्हा रक्षा माइकसमोर होती.

"ऊझोस!"

"लय नवा शब्द आहे, बेटा," अण्णाजी खुश झाले. "याचा अर्थ काय?"

रक्षाने फाटकाकडे बोट केलं. "आईले माहीत आहे."

सगळ्या माना वळल्या. इलाला एकही खोटं सुचेना.

"दारू," ती म्हणाली. "परदेशातली. बडीशेपेच्या वासाची."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

अण्णाजी सावकाश उठले. "बडीशेपेच्या वासाची? म्हणजे वरून बडीशेप चघळाचंबी काम नाई! पिणाऱ्याले पकडाचं कसं?" मग त्यांचा आवाज चढला. "याले म्हणते जागरूक आई! आपण शिवारात भट्ट्या हुडकून राह्यलो, अन् दारू डिक्शनरीत लपून बसली! वाजवा टाळ्या!"

रक्षाला कंपासपेटी मिळाली. इला फाटकातून आत आली.

"सूनबाई, सापडली कशी?" अण्णाजींनी विचारलं.

"कम्प्युटरवर."

"मग अजून लय असतीन. साऱ्याच्या साऱ्या हुडकून समितीले देजा. रविवारी सभा आहे."

"टिंब टाकून दारू कशी हुडकाची?" नीलेश संध्याकाळी म्हणाला. "याले अक्षरं समजते. दारू नाई समजत."

"मग?"

"मग वाच." त्याने अख्खी यादी पहिल्या शब्दापासून उघडून दिली.

इलाने खुर्ची ओढली. पहिला शब्द 'ए' होता. ती दारू नव्हती. तिने दुसरा वाचायला घेतला.