अळीचा अतिरिक्त कार्यभार

टोणपेअण्णांनी परसातल्या लिंबावर औषध मारलं, त्याच्या चौथ्या दिवशी त्यांना नगरपालिकेचं पत्र आलं, की आपल्या आवारातील अळीचे पद रिक्त झाले असून पुढील आदेश होईपर्यंत त्याचा अतिरिक्त कार्यभार आपल्याकडे सोपवण्यात येत आहे.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि पोच सही करून शिपायाला दिली. तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस तो. कितीतरी रिकाम्या टेबलांचा भार त्यांनी हूं की चूं न करता ओढला होता. शंका एवढीच, की अळ्या चांगल्या चाळीसेक होत्या आणि पत्रात पद एकच. उद्यान निरीक्षक खंडागळे यांनी फोनवर खुलासा केला, की आपलं आकारमान बघता एकटे पुरे पडाल. काम नेहमीचंच. दिवसभर आवारातली पानं खायची, आणि झाडावरच्या शिंपीण पाखराची पिल्लं भुकेजली की त्यांच्या पोटी जायचं.

"सगळंच?" अण्णांनी विचारलं.

"टप्प्याटप्प्यानं," खंडागळे म्हणाले.

फवारणीच्या दिवशी अण्णांची बायको शालन कानीकपाळी ओरडली होती. अहो, चार पानं खाल्ली तर खाऊ देत, झाडात पाखराचं घरटं आहे. पण अण्णांचा खाक्या म्हणजे एक घाव दोन तुकडे. पंप पाठीला लावला आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत झाडाला न्हाऊ घातलं. आता मात्र तिनं झाडाखाली स्टूल आणून ठेवलं.

सकाळी सातला अण्णा रुजू झाले. पान कडेकडेनं कसं कुरतडायचं, ते दुपारपर्यंत त्यांना जमलं. तोंड कडूजहर झालं, पण गडी जिद्दीचा. वर, पानं शिवून केलेल्या घरट्यात, पिल्लं चोची वासून होती. सकाळी तीन होती, संध्याकाळी दोन राहिली. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहालासुद्धा काम सोडलं नाही.

त्याच दुपारी शिंपीण तपासणीला आली. अण्णांच्या मनगटावर बसून तिनं कातडीला चोच लावली, आणि लगेच फांदीवर घासून पुसली.

"तुम्ही चालणार नाही," ती म्हणाली. "तुमच्यात औषध उतरलंय."

अण्णांनी पत्रातला मजकूर वाचून दाखवला, की पानं आवारातलीच खायची आहेत. शिंपीण म्हणाली, ते बरोबरच आहे. अळ्यांनीही हीच खाल्ली होती. त्यांतली एक तिनं धाकट्याला भरवली, आणि तो काल गेला. अण्णा म्हणाले, मी उपास करतो, जुलाब घेतो, तीन दिवसांत स्वच्छ होतो. ती म्हणाली, पोरं संध्याकाळ काढायची नाहीत.

"घरात दुसरं कोणी आहे?"

"नाही," अण्णा म्हणाले.

एकतीस वर्षांच्या नोकरीत अण्णा अधिकाऱ्यापुढे खोटं बोलले नव्हते. शिंपीण थांबून राहिली. वरचा चिवचिवाट आता कान देऊन ऐकावा लागत होता.

शालन पदराला हात पुसत मागच्या दारातून बाहेर आली.

"इकडे द्या तो कागद."

"अगं, औषध मी मारलंय."

"म्हणूनच तर तुम्ही चालत नाही," शालन म्हणाली. "उतरा खाली."

अण्णा उतरेनात. तिनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना उतरवलं, कागदावर त्यांच्या नावाखाली आपली सही केली आणि साडी खोचून स्टुलावर चढली. शिंपिणीनं तिच्या मनगटाला चोच लावली, आणि या वेळी पुसली नाही.

शालननं डावा हात पुढे केला, कारण उजवा भाकरी थापायला लागतो. अण्णांनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. करंगळी दिवस मावळेपर्यंत पुरली. पिल्लांचा आवाज चांगला खणखणीत झाला, पंखांना जोर यायला अजून आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शिंपीण आली. शालननं शेजारच्या बोटातली अंगठी काढली, खाली अण्णांच्या हातात दिली, आणि ते बोट पुढे केलं.