आत जाण्यास मनाई

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात १९९३ साली संगणक विभाग स्थापन झाला. उद्घाटनाच्या नारळाचं पाणी की-बोर्डवर सांडल्यामुळे तो प्रत्यक्षात पुढच्या महिन्यात सुरू झाला. विठ्ठलवाडीहून येणारी मालिनी हीच त्या विभागाची प्रमुख आणि हीच कर्मचारी.

टाक्यांत रंग कसा शिजवायचा ते केमिस्ट साध्या शब्दांत लिहीत. मालिनीचा 'कंपायलर' नावाचा प्रोग्राम त्यातून यंत्राला कळतील अशा आज्ञा बनवी. सूचनेच्या पोटात सूचना असे: टाकी तापली तर पाणी सोडा, त्यानंतरही तापतच राहिली तर वाफ बंद करा. कंपायलर या सूचनांचं झाड मांडी आणि त्यातला 'व्हिजिटर' नावाचा भाग फांदीफांदीने पार आतल्या सूचनेपर्यंत जाऊन प्रत्येकीची आज्ञा बनवून परत येई.

सगळं सुरळीत चाललं होतं, त्यामुळे प्रशासनाला संशय आला. प्रशासन अधिकारी विष्णुपंतांना मासिक अहवालात तो शब्द दिसला.

"मालिनीबाई, हा व्हिजिटर कोण?"

"प्रोग्रामचा भाग आहे, सर. माणूस नाही."

"नसेना. पण आत जातो ना?"

"आत गेल्याशिवाय आतली सूचना कळणार कशी?"

"कोणाच्या परवानगीने जातो?"

"प्रोग्राम मी लिहिलाय. म्हणजे माझ्याच."

"तुमची ग्रेड काय?"

तिची ग्रेड कोणालाही आत सोडण्याएवढी नव्हती. बैठक बोलावली गेली. उत्पादन प्रमुख शशिकांत म्हणाले, "आज सूचनेत शिरतोय, उद्या आमच्या टाकीत डोकावेल." हे सर्वांना पटलं. परिपत्रक निघालं: व्हिजिटरने बाहेरील सूचनेच्या दारापर्यंत जावे. आत जावयाचे झाल्यास त्या सूचनेची पूर्वपरवानगी घ्यावी. परवानगी न आल्यास आत सर्व ठीक आहे असे गृहीत धरून परत फिरावे.

सूचनेला परवानगी देता येत नाही, ती फक्त सूचना असते, हे मालिनीने सांगून पाहिलं. "सर, वाफ बंद करायची गोष्ट आतच आहे. यंत्राला ती कळणारच नाही."

"बाहेरची कळते ना?" विष्णुपंत म्हणाले. "इतकी वर्षं मी इथं आहे. टाक्यांच्या शेडमध्ये कधी पाऊल टाकलंय? अडलं काही?"

मालिनीने नकार दिला, मेमो घेतला आणि शेवटी बदल केला. पूर्वी चहा संपेपर्यंत चालणारं कंपायलरचं काम आता चुटकीसरशी होऊ लागलं. एकही चूक सापडेना. विष्णुपंतांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

मालिनीला मात्र राहवेना. ती शेडमध्ये गेली आणि तिसऱ्या टाकीवरच्या धर्मराजला गाठलं. तो बदलापूरकडच्या एका गावातला, शेती सांभाळून पाळी करणारा.

"भाऊ, टाकी फार तापली तर यंत्र वाफ बंद करणार नाही."

"का वं, ताई? बिघाडलंय काय?"

"नाही. नियमाप्रमाणे चाललंय."

"मंग मलाच बघाया लागल," तो म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात तिसरी टाकी उतू गेली. पाणी सुटलं, पण वाफ चालूच राहिली. बाकीचे बाहेर पळाले. धर्मराज आत धावला, त्याने वाफेचा व्हॉल्व्ह हाताने फिरवला आणि शेड वाचवली. उजवा हात भाजला; बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत.

मुंबईहून चौकशी समिती आली. धर्मराज हाताला पट्टी बांधून शेडमध्ये वाट बघत बसला होता. समितीने ऑफिसात फरसाण खाल्लं, खिडकीतून शेडचं छप्पर पाहिलं आणि ते शाबूत असल्याची नोंद केली.

"आत जायचंय का, साहेब?" शशिकांतांनी विचारलं.

"काही गरज?"

"नाही."

अहवालात यंत्रणा निर्दोष ठरली. धर्मराजला धोक्याच्या जागी विनापरवानगी शिरल्याबद्दल मेमो मिळाला. यंत्र वाफ बंद करणार नाही हे त्याला आधीच कसं कळलं, याचा मात्र समितीने कसून शोध घेतला आणि शेडमध्ये अनधिकृत प्रवेश केल्याबद्दल मालिनीला काढून टाकलं.

स्थानिक साप्ताहिकात बातमी आली. मथळा होता: 'रंग कारखान्यात किरकोळ अपघात, परिस्थिती नियंत्रणात.' धर्मराजच्या हाताबद्दल तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं. बदलापूरपासून शहाडपर्यंत सगळ्यांनी मथळा वाचला. तुम्हीही वाचला होता. 'नियंत्रणात' म्हटल्यावर खाली उतरायचं तुम्हाला काही कारण दिसलं नाही.