ओ द्या, पोटातून!

उसळीवर शेव घातली की ती लगेच खायची असते, हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. गुप्तेभाईंना कळत नाही. बशा हातात आल्या रे आल्या की ते उभे राहतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "चालो, हजेरी!" मग शेवेचा लगदा होईपर्यंत आम्ही ओ देत बसतो.

हे सगळं घडतं आमच्या मंडळाच्या क्लबात, गुरुवारच्या बैठकीला. आम्ही सगळे साठीच्या पलीकडचे. दर गुरुवारी एकजण यजमान होतो. खाणं त्याचं आणि कार्यक्रमही त्याच्या मर्जीचा. कुणी भजनं घेतं, कुणी पत्ते मांडतं. वाडीतल्या ज्योत्स्नाबेन तर सगळ्यांना गरबा करायला लावतात, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो. पण यजमान कुणीही असो, हजेरी घेणार गुप्तेभाई. रिफायनरीतून निवृत्त झालेला हा उंच, वाकलेला माणूस आमची नावं तोंडपाठ म्हणतो, तीही नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावासकट.

बरं, नुसतं "हजर" म्हटलेलं चालत नाही. हात वर केलेला तर मुळीच नाही.

"हात नको, ओ द्या. पोटातून!"

ज्योत्स्नाबेन पहिल्या दिवशी गोड आवाजात "हा जी" म्हणाल्या. "बेन, हा जी नहीं चाले. ओ आपो," असं सांगून गुप्तेभाईंनी त्यांच्याकडून तीनदा घोटून घेतलं. जोगळेकरांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते प्रत्येक नावाला ओ देतात. एकदा कुलकर्णी नेमके संडासात होते. गुप्तेभाई दाराशी जाऊन उभे राहिले आणि आतून ओ आल्याशिवाय पुढचं नाव घेईनात. आणि मध्येच कुणी उशिरा आलं तर? "पहिल्यापासून!"

मी शाळेत शिक्षिका होते. अख्खी नोकरी हजेरी घेण्यात गेली. आता म्हातारपणी ती देण्याची मला काडीची हौस नाही. बाकीचेही कुरकुरत होतेच, पण तोंडावर सांगणार कोण? सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. बायकांमध्ये मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचा असा उपयोग होतो.

माझा गुरुवार आला. घरून पातेलंभर उसळ करून नेली. गुप्तेभाई उठायच्या आत मीच उठले.

"आज यजमान मी. आज हजेरी नाही."

गुप्तेभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बरं बाई. तुमचा गुरुवार," म्हणाले आणि खाली बसले.

काय सुरेख झाली बैठक! उसळ गरम, शेव कुरकुरीत, अंताक्षरीत जोगळेकरांनी सुद्धा एक गाणं बरोबर अक्षरावर म्हटलं. मी खूश. फक्त गुप्तेभाईंची बशी तशीच होती, ती पाहून मला आणखी राग आला. एवढं काय ते रुसायचं?

सगळे गेले. गुप्तेभाई नेहमीप्रमाणे खुर्च्या एकावर एक ठेवत मागे राहिले. मी पातेलं घासता घासता विचारलंच, "एक दिवस हजेरी नाही झाली तर काय आभाळ कोसळलं का हो?"

"नाही, काही नाही," ते म्हणाले. आणखी एक खुर्ची ठेवली. मग तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"शिफ्टवरून घरी आलो की मी फाटकातूनच हाक मारायचो, 'सुधा!' आतून ओ आली की मगच चपला काढायच्या. ती गेली तरी हाक मारतो, बाई. सवय. पण हल्ली ओ येत नाही." खुर्ची सरळ करत म्हणाले, "गुरुवारी हाक मारली की इतकेजण ओ देतात. आठवडा निघतो."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मला रडू येत होतं आणि म्हणूनच मी चिडले.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं? मेली ती शेव महत्त्वाची होती का?"

ते नुसते हसले, हेल्मेट चढवलं आणि "आवजो, बाई" म्हणून बाहेर पडले. स्कूटरपाशी पोचले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हा माणूस सगळ्यांची नावं घेतो. याचं नाव आजवर कुणीच पुकारलं नव्हतं.

मी ओल्या हातांनी दारात गेले आणि वर्गात लावायचे तो आवाज लावला.

"वसंत गुप्ते!"

ते जागच्या जागी थांबले. पाठ माझ्याकडेच होती. मग अगदी बारीक आवाज आला, "ओ."

"ऐकू नाही आलं," मी ओरडले. "पोटातून!"

त्यांनी हेल्मेट काढलं, माझ्याकडे वळले आणि अशी ओ दिली की समोरच्या पोळातल्या, त्या अरुंद गल्लीतल्या, दोन खिडक्या उघडल्या.