वॉल्टरची मार्था

"गेली! मार्था गेली!" वॉल्टर आमच्या मागच्या अंगणात नुसत्या पायजम्यात उभा राहून ओरडत होता. आवाज असा, की प्रिन्स्टन जंक्शनवरची न्यूयॉर्कची गाडी शिट्टी समजून वेळेआधीच सुटली. आम्ही वेस्ट विंडसरमध्ये नवे. शेजारी कोण, मार्था कोण, काही ठाऊक नाही. पण मयताच्या घरी चूल पेटत नाही, एवढं माझ्या बायकोला, नलूला, पक्कं ठाऊक. तिने लगोलग पिठलं-भात केला आणि डोळे पुसत त्याच्या घरी नेला.

वॉल्टरने हुंदके देत पातेलं चाटूनपुसून संपवलं. मी हळूच विचारलं, "फ्युनरल कधी आहे?"

"छे! अजून ते प्रकरण रिव्हाइज करायचंय."

मार्था त्याच्या कादंबरीतली म्हातारी निघाली.

"मेलेलं माणूस तरी खरं असावं की नाही हो!" नलू घरी येऊन कडाडली. पण त्या दिवसापासून ती त्याला भावजी म्हणू लागली. तिचं इंग्रजी निम्मं मराठी असायचं. त्याला सगळं कळायचं.

वॉल्टर नामांकित कादंबरीकार. अमेरिकेतलं एक भलंमोठं बक्षीस त्याला मिळालेलं. त्याचं पदक त्याने टोमॅटोच्या वाफ्यात कावळे हाकलायला टांगलं होतं. कावळे उलट दर्शनाला यायचे.

घरात एकटाच. म्हणजे आमच्या हिशेबाने. त्याच्या हिशेबाने मार्था होती. ती त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. तिच्यासाठी त्याने सेलमधून स्वेटर आणला आणि 'हिला रंग पसंत नाही' म्हणून दुकानात जाऊन भांडून परत केला. जेवायला बोलावलं की उत्तर ठरलेलं, "मार्थाला विचारून सांगतो."

अडचण एवढीच, की कादंबरीच्या शेवटी मार्था मरायला हवी होती. वॉल्टर सोमवारी तिला मारायचा, मंगळवारी उठवायचा. न्यूमोनियातून वाचवली. जिन्यावरून पाडली, तर खाली आधीच गादी घालून ठेवलेली! न्यूयॉर्कचा प्रकाशक फोनवर असा किंचाळायचा, की आमच्या खिडक्या थरथरायच्या. "मला पुस्तक हवंय वॉल्टर, हॉस्पिटल नको! या फॉलमध्ये, पानगळ सरायच्या आत दिलं नाहीस तर काँट्रॅक्ट कॅन्सल!"

ऑक्टोबरात एका दुपारी वॉल्टर आला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. थेट टेबलाशी बसला.

"काय भावजी, आज मार्थाला न विचारताच?" नलूने चिडवलं.

"तिला सकाळी पोस्टात टाकली. प्रकाशकाकडे."

"म्हणजे पुस्तक झालं? काँग्रॅट्स, यार!" मी त्याचा हात धरून गदागदा हलवला. हात गार होता.

नलूने विचारलं, "या खेपेला कशाने?"

"झोपेत. मी शेजारीच बसलो होतो."

नलूने गॅस बंद केला. म्हणाली, "घराला कुलूप घाला आणि आज इथंच राहा, भावजी."

"किल्ली कुठंय कोण जाणे," वॉल्टर म्हणाला. "घरी कायम कोणीतरी असायचं."