शिआनच्या विहीणबाईंची ओटी

शिआनला त्या दिवशी आम्ही पाचजण होतो: शिंदेकाका, त्यांची मुलगी मुक्ता, तिचा चिनी नवरा वेई, वेईची आई आणि मी, शांताबाई. पाचांत मोजायची टेप एकट्या काकांच्या खिशात.

काका साताऱ्याला बांधकाम खात्यात इंजिनियर होते. बायको गेल्यावर अमेरिकेत प्लेनोला मुलीच्या गावात येऊन राहिले, पण टेप सुटली नाही. दिसेल ते मोजायचं नि म्हणायचं, "पास होणार नाही." शेजाऱ्याचं कुंपण, दुकानातली फळी, माझी पोळीसुद्धा! मीही प्लेनोलाच मुलाकडे राहते. त्याची नोकरी गेली, तेव्हा मी त्यांच्याकडे पोळ्या लाटायला लागले. त्याला पाच वर्षं झाली. रडत बसून कणीक मळली जात नाही.

मुक्तानं वेईशी लग्न केलं तेव्हा काका गेले नाहीत. जावईही नापास! आता तिला दिवस गेलेत. ती म्हणाली, "बाबा, माझ्या सासूबाईंना जाऊन भेटा. नाहीतर बाळ बघायला येऊ नका. फायनल."

काका निघाले. बाहेरचं जेवण चालत नाही, म्हणून मलाही नेलं, कुकरसकट.

शिआन ही जुन्या चिनी राजांची राजधानी. गावाभोवती तट, वर गाड्या धावतील एवढा रुंद. काकांनी वाकून टेप लावली. "सांधे बघा. पास होणार नाही." ह्यांचा स्वतःचा पूल दुसऱ्या पावसाळ्यात वाहून गेला होता, हे मुक्तानंच मला सांगितलंय.

पुढं राजाच्या थडग्यापाशी मातीचे सैनिक, रांगाच्या रांगा. काहींना मुंडकीच नाहीत. काका म्हणाले, "मेंटेनन्स झीरो."

"बाबा, प्लीज, उद्या सासूबाईंसमोर असं काही बोलू नका हं."

"मी काय लहान आहे?"

म्हटलं, "लहान असता तर कान धरला असता."

काकांनी विहिणीसाठी प्लेनोहून साडी नि नारळ आणला होता. नारळ विमानतळावर काढून घेतला. "अहो, विहिणीचा मान आहे तो!" म्हणून काका मराठीतच भांडले. शिआनला मिळाला तो सोलून गुळगुळीत केलेला, शेंडीच नाही.

वेईची आई माझ्याच वयाची. दोन खोल्यांचं घर, हात कष्टाचे. दाराची चौकट वाकडी होती. काकांचा हात खिशात गेला. म्हटलं, निघाली टेप! निघाला तो रुमाल. त्यांनी कपाळ पुसलं.

मुक्ता साडी घेऊन उठली. "मी भरते ओटी."

"थांब. ते आईचं काम." काका माझ्याकडे वळले. "शांताबाई, तुम्ही भरा."

मला नवरा जाऊन तीस वर्षं झाली. प्लेनोतसुद्धा हळदीकुंकू असलं की मी आत चहा गाळते. म्हटलं, "काका, मला चालत नाही."

"मला चालतं. पाच वर्षं माझं घर तुम्ही धरलंय. माझी पोर तुमच्यापाशी येऊन रडते, माझ्यापाशी नाही. मला ठाऊक आहे." मान खाली घालून बोलले. मुक्ता त्यांच्याजवळ जाऊन बसली.

मी ओटी भरली. विहीणबाईंना पदर कुठला? त्यांनी सदऱ्याचं टोक पसरलं. मग त्यांनीच नारळाला भोक पाडलं, नळी घातली आणि पहिला घोट मला दिला.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं: तुमच्याकडे हळदीकुंकू असेल आणि आत कुणी विधवा काम करत असेल, तर तिलाही बाहेर बोलवा. कुंकू लावा.