नळ्यांतली टाचणी

सॉसचा चमचा तोंडाशी नेला आणि मास्तरांच्या लक्षात आलं, की ओठांत टाचणी नाही.

दुसऱ्याच्या ओठांवर गाणं असावं, तशी या शिंप्याच्या ओठांत सदा टाचणी असायची. आज गिऱ्हाइकाच्या पँटची लांबी टाचता टाचता ते तसेच स्वयंपाकघरात आले होते. पाणी उकळलं तेव्हा टाचणी होती. पास्ता पातेल्यात पडला तेव्हा होती. दाराची बेल वाजली, आक्का आली, तेव्हाही होती. म्हणून तर तीन वर्षांनी आलेल्या थोरल्या बहिणीला ते नुसतं "हं" म्हणाले. पुढे काय करावं ते न सुचून त्यांनी तिचा हात जरासा हातात धरला, तेवढ्यात पातेलं उतू गेलं आणि ते आत धावले.

मग पास्ता चाळणीत ओतला, सॉसमध्ये घोळवला. आणि आता ओठ मोकळे.

मास्तरांच्या घशात काहीतरी टोचलं. त्यांनी आवंढा गिळला. टोचलं. पुन्हा गिळला. नाही टोचलं. म्हणजे टाचणी पोटात नाही. म्हणजे ती पातेल्यात. आणि पास्ता नळ्यांचा! एकेक नळी कशी, टाचणीचं माप घेऊन बेतल्यासारखी. त्यांच्या पाठीवरून गार घामाचा दोरा सरसरत खाली गेला.

"अहो, वाढायचं ना? आक्का कधीच्या बसल्यात." बायको आत आली.

"हे... टाकून देऊ या. बिघडलंय."

बायकोने एक नळी उचलून तोंडात टाकली. मास्तरांनी डोळे गच्च मिटले.

"छान झालंय की! उगाच नाटकं करू नका. भांडलात तुम्ही, तेव्हा रांधायचंही तुम्ही, असं ठरलंय आपलं." आणि पातेलं उचलून ती गेलीसुद्धा.

भांडण कोटावरून झालं होतं. मास्तरांनी शिवलेल्या कोटाची उजवी बाही बोटभर लांब झाली, आणि आक्का भर दुकानात हसली, "तुझा हात राहिला नाही रे आता!" मास्तर म्हणाले, "मग दुसरा शिंपी बघ." तेव्हापासून अबोला. आता तिच्या ताटात टाचणी निघाली, तर तिचंच खरं ठरणार. आणि निघाली नाही, गिळलीच गेली, तर? तो विचार मास्तरांनी अर्ध्यावरच तोडला.

टेबलाशी आक्का ताठ बसली होती.

"कोट काढता का, आक्का?" बायकोने विचारलं.

"असू दे. बरा वाटतोय अंगावर."

ताटं वाढून झाली. मास्तर एकेक नळी उजेडाकडे धरून आरपार बघू लागले.

"बाबा, दुर्बीण आणून देऊ?" लेक म्हणाली. "'उकळायचं नि ढवळायचं, चुकायला जागाच नाही' असं मी म्हटलं होतं तुम्हाला. चुकलं काय?"

"काही नाही. सगळ्यांनी सावकाश खा. बारीक चावा. गिळायची घाई नको."

"मग खायचं कशाला?" आक्का म्हणाली. "नुसतं बघत बसू?"

तिने चार नळ्या एकदम काट्याला लावल्या. काटा उचलला. बाहेरचा रस्ता, भिंतीवरचं घड्याळ, सगळं मास्तरांच्या कानांत एकदम गप्प झालं. समोर फक्त आक्काचं तोंड उरलं. लहानपणी पायात काटा मोडला, की याच तोंडाने ती फुंकर घालायची.

"आक्का, खाऊ नकोस!" ते ओरडले. "टाचणी पडलीय त्यात! माझ्या तोंडातली. तू म्हणालीस ते खरं आहे, माझा हात राहिला नाही. पण खाऊ नकोस!"

काटे खाली आले. बायकोने गळ्याला हात लावला. "अहो, मी तर एक गिळलीय!"

"मी सहा," लेक पांढरीफटक पडून म्हणाली.

मास्तर मशीनपाशी धावले आणि सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक घेऊन आले. लेकीच्या ताटावरून फिरवलं. काही नाही. बायकोच्या, स्वतःच्या, पातेल्यात खोलवर. काही नाही. शेवटी ते आक्काच्या ताटावर आणलं, आणि टक्!

चुंबकाला आक्काची बाही येऊन चिकटली होती.

मास्तरांनी वाकून पाहिलं. उजवी बाही. बोटभर आत दुमडलेली, आणि दुमडीवर ती टाचणी, सरळ, नेटकी.

"हा... तोच कोट?"

"मग?"

"तीन वर्षं लांब बाहीचा घातलास? दुसऱ्या शिंप्याकडे नाही नेलास?"

"सख्खा भाऊ शिंपी असताना? जग काय म्हणेल?" आक्काने डोळे पुसले आणि सॉस लागलाय असं दाखवलं. "दारात हात धरलास, बाही दुमडलीस, टाचलीस आणि पळालास. मला वाटलं, तोंडाने बोलवत नाही, म्हणून हाताने बोलला माझा भाऊ. म्हणून तर कोट काढला नाही. आणि तुला पत्ताच नाही होय रे?"

मास्तरांना खरंच पत्ता नव्हता. हातांनी परस्पर उरकलं होतं.

"काढ तो कोट. आत्ता शिवून देतो."

कोट मांडीवर घेऊन त्यांनी दुमड निरखली, टाचणी हलकेच काढली. बायकोने गार झालेला पास्ता पुन्हा शेगडीवर चढवला.

"आणि हे बघ," आक्का म्हणाली, "आता ती टाचणी पुन्हा तोंडात धरू नकोस. कळलं का?"

मास्तर सुईत दोरा ओवत होते.

"हं," ते म्हणाले.